बिनचोचीचे पोपट

बालाघाटात मी खोली पाहायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले तरी अजून लग्न का झालं नाही हेही विचारलं नाही. ओट्यावर उभ्या उभ्या एवढंच म्हणाले, "बाई, तुमाले सकाई खिडकी कवा उघडाची आदत आहे?"

मी म्हटलं, "उठले की उघडते."

"तसं नाही चालत. पलीकडली खिडकी उघडली की आपली उघडाची. पलीकडली लागली की आपली लावाची. जमत असन तं सामान आना."

मी राजेगावची. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि आईनं दिलेला पितळेचा डबा. शाळेजवळ, चांगल्या शेजारात, एकट्या बाईला खोली मिळते आहे म्हटल्यावर मी निमूट मान डोलावली. मनात म्हटलं, म्हातारा थोडा चक्रम दिसतो. यातला 'थोडा' हा शब्द चुकला होता, हे मला पुढच्या आठवड्यातच कळलं.

त्यांना सगळी गल्ली काकाजी म्हणायची, मीही म्हणू लागले. मँगनीजच्या खाणीवर ते काट्यावरचे बाबू होते. सारी उमर तराजूच्या काट्याकडे बघण्यात गेली आणि नोकरी सुटली तरी तो काटा काही त्यांच्या डोळ्यांसमोरून हलला नाही. जे दिसेल त्याची दुसरी बाजू शोधायची, ही त्यांची खोड. काकीजींनी ताटात डावीकडे लोणचं वाढलं की, "आन् इकडं?" म्हणून विचारायचे. काकीजी उजवीकडे वाटी सरकवायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. एकदा मी घाईघाईत वेणी खांद्यावरून पुढे टाकून शाळेत निघाले, तर ओट्यावरून हाक आली, "बाई, वेणी घालाची तं दोन घाला, नाही तं एक बरोबर मधात ठेवा. अशानं माणूस कलते." मी वेणी पाठीवर टाकली तेव्हा कुठे त्यांनी जाऊ दिलं.

सकाळी ते गावात फिरायला जायचे. प्रकृतीसाठी लोक झाडं बघत फिरतात, हे घरांची तोंडं बघत फिरायचे. घराचा रस्त्याकडचा भाग म्हणजे त्यांच्या भाषेत घराचं तोंड. "दोन खिडक्या म्हनजे डोये, दार म्हनजे नाक, ओटा म्हनजे ओठ. एक डोया मोठा, एक बारीक असलेल्या माणसाले पोरगी कोन देते?" असं ते रस्त्यात उभं राहून मोठ्यानं विचारत आणि नेमकं तसल्याच घराचा मालक समोर दात घासत उभा असे. एका किराणावाल्यानं नवी खिडकी पाडली ती जुनीपेक्षा हातभर वर. काकाजी रोज त्याच्या दुकानासमोर थांबायचे, मान तिरपी करून बघायचे, सुस्कारा सोडायचे आणि पुढे जायचे. शेवटी कंटाळून त्या बिचाऱ्यानं पावसाळ्यापूर्वी खिडकी खाली आणली. काकाजींनी त्याच दिवशी त्याच्याकडून गूळ घेतला.

आता त्यांच्या स्वतःच्या घराबद्दल सांगायला हवं. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. गल्लीत तसं तोंड दुसऱ्या घराला नव्हतं. मधोमध मोठी कमान, तिच्यात सागवानी दोन फळ्यांचं दार. दाराच्या दोन्ही अंगांना दोन ओटे, ओट्यांवर दिवा ठेवायला दोन कोनाडे, वर दोन खिडक्या, खिडक्यांच्या माथ्यावर लाल-हिरव्या काचांच्या दोन अर्धगोल चकत्या. जोत्यापासून चुन्याच्या दोन वेली निघायच्या, पानं-फुलं काढत काढत खिडक्यांना वळसा घालून वर चढायच्या आणि कमानीच्या डोक्यावर एकमेकींना भेटायच्या. भेटायच्या तिथे दोन पोपट, एकमेकांकडे तोंड करून बसलेले, मध्ये एक आंबा. घडवणाऱ्यानं ते असे घडवले होते, की आता बोलतील.

आणि या घराची वाटणी झाली होती.

प्रांताची वाटणी झाली, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि आमचे अर्धे सोयरे महाराष्ट्रात गेले, त्याच सुमाराला या दोन भावांचंही फाटलं. काकाजी थोरले. धाकटे भाऊ त्यांच्याहून दोन बोटं उंच, तेही मिशीवाले, तेही तिरसट. भांडण कशावरून झालं हे कोणीच धड सांगत नसे. कोणी परसातल्या आंब्यावरून म्हणे, कोणी बायकांवरून म्हणे. बायका मात्र मागच्या एकाच विहिरीवर पाणी भरायच्या आणि वाटीभर भाजी इकडून तिकडे, तिकडून इकडे करायच्या. पुरुषांनी बोलणं टाकलं होतं. घराच्या आत बरोबर मधून भिंत घातली, ती थेट दारापर्यंत आणली. दार मोठं सुंदर, ते काढायला कोणाचाच हात धजेना, म्हणून डावी फळी थोरल्यांची आणि उजवी धाकट्यांची असं ठरलं. एक फळी उघडून आत शिरलं की खांद्याला भिंत लागायची. पाहुणा चुकीच्या फळीतून शिरला, की त्याला परत रस्त्यावर येऊन दुसऱ्या फळीतून जावं लागे.

घर दुभंगलं, पण काकाजींनी मनाशी ठरवलं होतं की तोंड दुभंगू द्यायचं नाही. धाकट्यांनी दिवाळीला उजवी बाजू पिवळी केली, की दुसऱ्या दिवशी डावी पिवळी. त्यांनी खिडकीत कंदील टांगला, की आमच्या खिडकीत कंदील. धाकट्यांना हे कळत नव्हतं असं नाही. एका वर्षी त्यांनी मुद्दाम आपली बाजू जांभळी रंगवली. अख्खी गल्ली ओट्यांवर येऊन बसली, आता म्हातारा काय करतो म्हणून. काकाजी रस्त्यावर उभे राहून बराच वेळ त्या रंगाकडे बघत राहिले. मग घरात येऊन काकीजींना म्हणाले, "वांग्यासारखं दिसते. पन इलाज नाही." आणि आम्ही वर्षभर वांग्यात राहिलो.

माझी खोली वरची, डाव्या खिडकीची; पलीकडच्या, उजव्या खिडकीच्या खोलीत धाकट्यांची मुलगी कुसुम राहायची. माझ्याच शाळेत शिकून गेलेली, लग्नाच्या वयाची, महा खट्याळ. खिडकीच्या नियमाचा सुगावा लागताच तिनं मला छळायला सुरुवात केली. उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. खालून काकाजींची हाक, "बाई, खिडकी!" मी वह्या तपासता तपासता उठायची, उघडायची, बसायची, तर पुन्हा "बाई, खिडकी!" शेवटी मी खिडकीतून वाकून म्हटलं, "कुसुम, मार खाशील हं!"

ती हसून म्हणाली, "बहेनजी, तुमाले कसरत पाह्यजे. दिवसभर खुर्चीवर बसून राह्यता!"

तेव्हापासून आमची मैत्री झाली. त्या घरात भिंतीच्या दोन बाजूंची माणसं अशी खिडकीतूनच एकमेकांना भेटायची.

मी राहायला गेल्यानंतरच्या हिवाळ्यात पोपटाची गोष्ट घडली. आमच्याकडे जंगल जवळ, काळतोंडी माकडं छपरांची कवेलू फोडत घरांवरून उड्या मारत जायची. त्यातल्या एका दांडग्या माकडानं कमानीवरून उडी घेतली आणि उजव्या, म्हणजे धाकट्यांच्या पोपटाची चोच खाली पडली.

काकाजींनी जेवण टाकलं. रस्त्यात उभं राहायचं, वर बघायचं, आत यायचं. मी म्हटलं, "काकाजी, त्यांना सांगा न बसवून घ्यायला."

"आमी बोलत नाही."

"मग तुम्हीच मिस्त्री लावा."

"त्याच्या हद्दीत मी कसा हात घालू? वाटणी म्हनजे वाटणी."

"मग राहू द्या. एका पोपटाला चोच नसली तर काय बिघडलं?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी शाळेत मुलींना काय शिकवत असेन याचीच त्यांना शंका आली असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी ठक् ठक् आवाज आला. मी खिडकीतून डोकं काढलं. काकाजी शिडीवर होते, हातात हातोडी, आणि ते आपल्या स्वतःच्या, धडधाकट, देखण्या पोपटाची चोच तोडत होते. काकीजी खाली उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या की हसत होत्या, ते मला वरून कळलं नाही.

धाकटे बाहेर आले. त्यांनी वर पाहिलं. बिनचोचीचे दोन पोपट आंब्याच्या दोन बाजूंना बसले होते. धाकटे आत गेले आणि त्यांनी फळी लावून घेतली. संध्याकाळी विहिरीवरून काकीजी बातमी घेऊन आल्या, की धाकट्यांनीही दिवसभर जेवण टाकलं आहे. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हे दोघे बोलत नाहीत हे काही खरं नाही.

पुढे कुसुमचं लग्न कटंगीच्या मुलाशी ठरलं आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी बातमी विहिरीवरून आली. ती ऐकून काकाजी पांढरे पडले. लग्न उरकलं की धाकटे आपल्या बाजूचं तोंड पाडणार होते. ओटा, कोनाडा, वेल, पोपट सगळं काढून सपाट सिमेंटची भिंत, खाली दुकानाचा गाळा आणि त्याला लोखंडी शटर. मिस्त्रीशी बोलणंही झालं होतं.

काकाजी रात्रीचं जेवण अर्धं टाकून माझ्या दाराशी आले. "बाई, तुमी शिकलेल्या आहा. सांगा. त्यानं पाडलं तं मी काय करू?"

"तुम्ही काय करणार? त्यांची बाजू, त्यांची मर्जी."

"मलेही पाडा लागन."

"अहो!"

"मंग? अर्ध्या तोंडानं राहू का? मीही शटर लावीन."

"दुकानात विकाल काय?"

"काहीच नाही. सकाई शटर उघडीन, बसीन. संध्याकाई लावीन." असं म्हणून ते हसले. हा माणूस खरोखर आपल्या बापानं बांधलेलं घर आपल्या हातानं पाडेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पोपटाची चोच मी पाहिली होती. त्या घराची वेल, त्या काचा आता धाकट्यांच्या एका शब्दावर होत्या आणि तो शब्द काकाजी मागू शकत नव्हते, कारण ते बोलत नव्हते.

लग्नघराच्या भिंतीवर आमच्याकडे चित्रं काढतात. धाकट्यांनी पेंटर बोलावला. त्यानं उजव्या बाजूला अंबारीचा हत्ती काढला, केळीचे खांब काढले, वर 'शुभविवाह' आणि खाली कुसुमचं आणि जावयाचं नाव. काम संपवून तो पेटी उचलत होता तेवढ्यात काकाजींनी त्याला बोटानं बोलावलं.

पेंटर गोंधळला. "बाबूजी, शादी तो उधर है न?"

"शादी उधर है. हाथी इधर भी होना."

संध्याकाळपर्यंत डावीकडेही हत्ती आला, उजव्या हत्तीकडे तोंड करून. 'शुभविवाह' आला. कुसुमचं नावही आलं. धाकट्यांनी दारात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घातला, तर रात्रीतून आमच्या ओट्यावरही अर्धा मांडव उभा राहिला. कुसुम खिडकीतून म्हणाली, "बहेनजी, माझी दोन दोन लग्नं होऊन राह्यली का?"

पण आमंत्रण आलं नाही. लग्नाचं बोलावणं म्हणजे हळदीच्या अक्षता घरच्या माणसानं घरच्या माणसाच्या हातावर ठेवायच्या. धाकटे गल्लीभर अक्षता देत फिरले. मला दिल्या, किराणावाल्याला दिल्या. डाव्या फळीसमोर आले, जरा थांबले, आणि पुढच्या घरी गेले. काकीजींना जावेनं विहिरीवर अक्षता दिल्या, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते काकाजींचं.

"बोलावल्याबिगर मी जानार नाही," ते म्हणाले. "पन आपल्या ओट्यावर बसाले कोनाचा बाप मना करते?" मना करणारा बाप दोघांचा एकच होता आणि तो असता तर त्यानं दोघांनाही कानाला धरून आत नेलं असतं.

वरात संध्याकाळी आली. कुसुम हळदीच्या साडीत तिच्या खिडकीत होती, म्हणून मी माझ्या खिडकीत. नियम तो नियम. खाली काकाजी काळा कोट, टोपी घालून, मिशीची दोन्ही टोकं सारखी करून ओट्यावर ताठ बसले होते. पलीकडे धाकटे हातात हार घेऊन उभे. बँड वाजत आला, मागे घोड्यावर नवरा, आणि सगळ्यांत पुढे नवऱ्याचे मोठे काका. घरातले कर्ते पुरुष, जाड भिंगांचा चष्मा, पल्लेदार उपरणं. ते सुपारीच्या वेळी आले नव्हते, त्यामुळे वधूपित्याला त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पहिली व्याहीभेट त्यांचीच होती.

दारासमोर येऊन ते थबकले. दोन हत्ती, दोन मांडव, दोन 'शुभविवाह', एका दाराच्या दोन फळ्या उघड्या. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एकीकडे हार घेऊन उभा असलेला माणूस, एकीकडे कोट-टोपी घालून भारदस्तपणे बसलेला वडीलधारा. त्यांनी आपल्या अकलेनं निवाडा केला, डाव्या ओट्यावर चढले, काकाजींना उठवून कडकडून मिठी मारली, गुलाल लावला आणि गळ्यात हार घातला.

बँड थांबला. माझ्या शेजारच्या खिडकीतून कुसुमचा "अगं बाई" असा आवाज आला.

काकाजी खांबासारखे उभे. परत घालायला हातात हार नाही. आणि "मी नाही, तो" असं म्हणायचं तर धाकट्याचं नाव घ्यावं लागणार. सगळी गल्ली धाकट्यांकडे बघू लागली. एवढंच म्हणायचं होतं, "व्याही, इकडं या, ते कोनी नाहीत." धाकट्यांनी ते म्हटलं नाही. मग ते आपल्या ओट्यावरून उतरले, रस्त्यावरून चार पावलं चालले आणि वाटणीनंतर पहिल्यांदा डाव्या ओट्यावर चढले. हातातला हार त्यांनी काकाजींच्या हातात कोंबला.

"दादा, असा उभा काहून? घाल न त्यायच्या गयात!"

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. खाली काकीजी तर हुंदकेच देऊ लागल्या. आता मिठ्या पडतील, सगळं गोड होईल, असं आम्हाला वाटलं. काकाजींनी हाराकडे पाहिलं, व्याह्यांकडे पाहिलं, रिकाम्या उजव्या ओट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आन् तुले?"

"माझं राहू दे."

"राहू दे कसं? एकीकडं भेट झाली आन् एकीकडं नाही?" त्यांचा आवाज एकदम काट्यावरच्या बाबूचा झाला. "व्याही, तुमच्यातला अजून एक मोठा माणूस आना. तो त्या ओट्यावर, तुमी ह्या ओट्यावर. भेट संगच होईन. नाही तं हा हार मी घालत नाही!"

घोड्यावर नवरा घामाघूम. वरातीत धावाधाव. नवऱ्याच्या वडिलांना पुढे ढकललं, उजव्या ओट्यावर चढवलं, कुठून तरी आणखी दोन हार आणले. काकाजींनी "हं" म्हटलं आणि दोन्ही ओट्यांवर, दोन हत्तींसमोर, एकाच क्षणी दोन व्याहीभेटी झाल्या. त्या दिवशी आमची गल्ली जेवढी हसली तेवढी पुन्हा कधी हसलेली मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ पुन्हा मुके. इतक्या वर्षांची सवय, ती एका वरातीनं कशी मोडणार? आठवडाभरानं मिस्त्री घण-पहार घेऊन आला. काकाजी आपल्या ओट्यावर बसले होते, शेजारी त्यांनीही एक पहार आणून ठेवली होती. धाकट्यांनी मिस्त्रीला चहा पाजला, विहिरीची फुटलेली पायरी दुरुस्त करून घेतली आणि परत पाठवला.

मी शाळेत जाताना मुद्दाम त्यांना विचारलं, "काय हो, दुकान नाही काढायचं?"

ते काकाजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मी पाडलं तं हाही पाडन. बाजूले शटर उघडून बसन. मंग गिऱ्हाईक कोनाकडं जाईन?"

काकाजींनी पहार उचलून आत नेली. त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले. पोपट मात्र तसेच राहिले. यांना वाटे आधी त्यानं बसवावी चोच, त्यांना वाटे आधी यानं. पुढे माझी परसवाड्याला बदली झाली, लग्न झालं, आणि बालाघाट सुटलं.

काकाजी गेल्याचं मला कुसुमच्या सासरच्या एका बाईकडून उशिरा कळलं. नंतर कधी तरी कामानिमित्त बालाघाटला गेले तेव्हा पाय आपोआप त्या गल्लीत वळले. लांबूनच मी वर पाहिलं आणि जागच्या जागी उभी राहिले. दोन्ही पोपटांना चोची होत्या. नव्या चुन्याच्या, जरा जाडसर, पण चोची.

धाकटे उजव्या ओट्यावर बसले होते. मिशी पांढरी झालेली. त्यांनी मला ओळखलं. डाव्या ओट्यावर सतरंजी अंथरलेली होती, त्यावर कोणी नव्हतं.

मी वर बोट दाखवून विचारलं, "आधी कोणाची बसवली?"

"दोन मिस्त्री लावले," ते म्हणाले. "दोन शिड्या. संगच बसवल्या. एकाची आधी बसवली असती तं दादा वर जेवला नसता. वहिनीले इचारून केलं, आपल्या मनानं नाही."

मी पदर डोळ्यांना लावला. मग धाकटे म्हणाले, "बाई, तुमी आल्याच आहा तं एक काम करा. वहिनीचे गुडघे धरले, तिले जिना चढवत नाही. आन् ते काम तसंही भाडेकरूचं आहे." त्यांनी मान वर करून डाव्या खिडकीकडे पाहिलं. "माझी खिडकी सकायपासून उघडी आहे."

मी डावी फळी ढकलून आत गेले. खांद्याला भिंत लागली. जिना चढून माझ्या जुन्या खोलीत गेले आणि खिडकी उघडली.